कंडोम सोडायचा विचार असेल तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: पुरुषा-पुरुषांमधले कंडोमशिवायचे संबंध. पत्रं पुण्यातली आणि पिंपरी-चिंचवडमधली आहेत. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आखूड केला आहे. पहिल्या पत्राचं उत्तर तासांत मोजावं लागतं, म्हणून ते आधी घेतो. अशी वेळ आली तर पुढच्या अंकाची वाट बघत बसू नका.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास कंडोम फाटला. मी बॉटम (आत घेणारा) होतो. तो मुलगा ॲपवर भेटलेला, त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. आज सोमवार. खूप घाबरलोय. — विमाननगर, वय २४

मंगळवारी रात्री अकरापर्यंत तुमच्या हातात वेळ आहे, पण तेवढी थांबण्याची काहीच गरज नाही. आजच निघा. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून संबंधानंतर घ्यायच्या औषधाला पेप म्हणतात. पहिली गोळी ७२ तासांच्या आत पोटात गेली पाहिजे आणि जितक्या लवकर जाईल तितकं बरं. विषाणू गुदाशयाच्या आतल्या नाजूक अस्तरातून शिरतो आणि दोन-तीन दिवसांत जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये जम बसवतो. जम बसण्याआधी त्याला अडवायचं असतं.

ससून रुग्णालयात आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र आहे. रात्रीची वेळ असेल तर कॅज्युअल्टीत जा. तिथे 'हे औषध सुई टोचलेल्या स्टाफसाठी असतं' असं ऐकायला मिळू शकतं. वाद घालू नका, परतही फिरू नका. 'एआरटी केंद्राच्या डॉक्टरांशी बोलायचंय' एवढंच शांतपणे सांगा. अडलंच तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, किंवा खासगी फिजिशियनकडून चिठ्ठी घेऊन औषध विकत घ्या. बहुधा एकच गोळी असते: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. रोज एक, ठरलेल्या वेळी, २८ दिवस. ॲसिडिटीचं अँटासिड किंवा लोहाची-कॅल्शियमची गोळी घेत असाल तर ही गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, नाहीतर डोल्युटेग्राविर नीट शोषलंच जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सुरुवातीला एचआयव्हीची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी होते. रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नसतो. हिपॅटायटिस बी निघाला तर २८ दिवसांनी औषध बंद करतानाही डॉक्टरांची देखरेख लागते, कारण यातली दोन औषधं त्या विषाणूवरही चालतात आणि ती अचानक थांबवली की यकृताला सूज येऊ शकते.

हे औषध फसतं ते बहुतेक वेळा अर्धवट सोडल्यामुळे. दहाव्या दिवशी मळमळ होते म्हणून सोडतात. किंवा तो मुलगा आपला निगेटिव्ह रिपोर्ट पाठवतो, म्हणून सोडतात. त्याला महिन्याभरात लागण झाली असेल तर ती त्या रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही. २८ दिवस पूर्ण करा. नंतर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी करा, सरकारी केंद्रात सहा महिन्यांनीही बोलावतात. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका.

आत डेटॉल, साबण किंवा शॉवरचा फवारा मारून धुवायला मात्र जाऊ नका. त्याने अस्तर खरवडलं जातं आणि विषाणूला वाट मोकळी होते.

भीतीबद्दल एक आकडा देतो. समोरच्याला एचआयव्ही असेल, तो उपचारावर नसेल आणि कंडोम नसेल, तर बॉटमला एका वेळच्या संबंधातून लागण होण्याचं सरासरी प्रमाण दहा हजारांत १३८ आहे, म्हणजे साधारण सत्तरेक वेळांत एकदा. टॉपसाठी (आत घालणाऱ्यासाठी) ते दहा हजारांत ११ आहे. ११ म्हणजे शून्य नव्हे, हे 'टॉपला काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. एका रात्रीत सगळं संपलं असं अजिबात नाही. पण गोळी मात्र आजच.

आम्ही दीड वर्ष एकत्र आहोत, कर्वेनगरला फ्लॅट घेऊन राहतो. त्याला कंडोम नकोय. मी टाळलं की म्हणतो, 'अजून विश्वास नाही का माझ्यावर?' खरं सांगायचं तर मलाही तो नकोसा झालाय. पण भीती वाटते. — वय २८

नकोसा होणं समजण्यासारखं आहे, त्याची लाज बाळगू नका. स्पर्श वेगळा लागतो, जवळीक वेगळी वाटते. दोन पुरुषांच्या नात्यात याला आणखी एक पदर असतो. तुमच्या नात्याची कुठे नोंद नाही. विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केला नाही. घरमालकासाठी तुम्ही मित्र, गावाकडच्यांसाठी रूममेट. आपण एकमेकांचे आहोत हे दाखवायची दुसरी कुठलीच खूण हाताशी नसते, तेव्हा कंडोम बाजूला ठेवणं हीच ती खूण होऊन बसते. म्हणून तुम्ही तो पुढे केलात की त्याच्या मनाला लागतं.

पण त्याचा प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला गेलाय. विश्वास इथून पुढच्या वागण्यावर ठेवायचा असतो. आज दोघांच्या शरीरात काय आहे, ते विश्वासाने कळत नाही, तपासणीने कळतं. तो अगदी सरळमार्गी असेल, तरी तुम्ही भेटण्यापूर्वीचं काही त्याच्या घशात किंवा रक्तात असू शकतं आणि त्याला त्याची जाणीवही नसेल. तुमच्याही बाबतीत तेच. अमेरिकेतल्या पाच शहरांविषयी २००९ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला. गे पुरुषांमधल्या नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी सुमारे ६८ टक्के कायमच्या जोडीदाराकडून आलेले होते. जोडीदाराबरोबर संबंध जास्त वेळा येतात आणि कंडोम आधी तिथेच सुटतो, हे त्याचं कारण.

त्याला असं सांगून बघा: 'तुझ्यावर विश्वास आहे, म्हणूनच तुझ्याबरोबर टेस्टला यायला मला संकोच वाटत नाही.' मग दोघं एकाच दिवशी जा. एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए, हिपॅटायटिस बी आणि सी. त्यासोबत गनोरिया आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांसाठी लघवी, घसा आणि गुदाशय अशा तिन्ही ठिकाणचे नमुने. त्या दिवसापासून तीन महिने कंडोम चालू ठेवायचा आणि बाहेर कुणाशी संबंध नाही. मग एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी पुन्हा. साध्या रॅपिड टेस्टला संसर्ग दिसायला तीन महिने लागू शकतात, चौथ्या पिढीच्या टेस्टला साधारण ४५ दिवस. मधल्या काळात एकदा जरी 'चालतंय' झालं तरी मोजणी पहिल्यापासून.

रिपोर्ट शेजारी बसून, नाव आणि तारीख दिसेल असे उघडा. 'माझा क्लीन आला' हा मेसेज म्हणजे रिपोर्ट नव्हे.

यानंतरचं बोलणं जास्त अवघड आहे आणि बहुतेक जोडपी तेच टाळतात. बाहेर काय चालेल, काय नाही? 'काहीच नाही' असं ठरलं तरी हरकत नाही, 'बाहेर असेल तर कायम कंडोम' असं ठरलं तरी नाही. ऑस्ट्रेलियातल्या गे पुरुषांमध्ये नव्वदच्या दशकापासून अशा ठरावांचा अभ्यास झालाय, आणि ठराव तोंडी स्पष्ट बोलला गेलाय का, यावर बरंच अवलंबून असतं. आमच्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं कलम म्हणजे ठराव मोडला तर काय करायचं. असं ठरवा: ज्याच्याकडून मोडला त्याने दुसऱ्या दिवसाच्या आत सांगायचं, ऐकणाऱ्याने त्या रात्री फक्त ऐकून घ्यायचं, आणि दोघांच्या तपासण्या होईपर्यंत कंडोम परत आणायचा. भांडण नंतर करा, करावंही लागेल. पण सांगितल्याबरोबर नातं तुटेल अशी धास्ती असेल तर कुणी सांगत नाही आणि पेपचे ७२ तास गप्प राहण्यातच निघून जातात.

दर वेळी पक्कं ठरवून जातो आणि ऐन वेळी कंडोम खिशातच राहतो. नंतर दोन-दोन दिवस झोप नाही. टेस्ट निगेटिव्ह आली की पुन्हा तेच. मला काही मानसिक आजार आहे का? — हडपसर, वय ३१

नाही. तुमच्या पत्रातलं चक्र फार जणांचं आहे आणि ते कसं चालतं हे कळलं की तोडता येतं.

शांत असताना घेतलेला निर्णय उत्तेजित अवस्थेत टिकत नाही. त्या अवस्थेत धोका लहान दिसतो आणि समोरचं सुख मोठं. हे सगळ्या माणसांचं होतं. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला त्यात आणखी भर पडते. भेटायला जागा मिळत नाही, रूममेट परत येण्याआधीचा अर्धा तास असतो, त्यामुळे घाई. महिन्याभराने कुणीतरी आवडीचा भेटलेला असतो, कंडोम पुढे केला तर तो नाराज होऊन निघून जाईल ही धाकधूक. कंडोम चढवताना ताठरपणा जातो आणि तो गेलेला दिसू नये, ही सगळ्यात न बोलली जाणारी अडचण. आणि या सगळ्याच्या तळाशी, लहानपणापासून ऐकत आलेलं 'तुमच्यासारख्यांचं असंच होणार'. हे ज्याच्या मनात मुरलंय त्याला स्वतःला जपणं फारसं मोलाचं वाटत नाही. नंतर येणारी अपराधी भावना सावध करत नाही, ती फक्त दमवते. निगेटिव्ह रिपोर्ट आला की सुटल्यासारखं होतं आणि मन त्याला परवानगी समजतं.

एक कागद घ्या. मागच्या तीन वेळा नेमक्या कुठल्या क्षणी कंडोम मागे पडला ते लिहा. 'मला मोह आवरत नाही' असं लिहू नका. 'तो म्हणाला राहू दे, आणि मी काही बोललो नाही', 'पाकीट पॅंटच्या खिशात होतं आणि पॅंट हॉलमध्ये', असं लिहा. बहुधा तिन्ही वेळा क्षण एकच निघेल. निर्णय त्या क्षणाच्या अलीकडे न्या. जागा ठरवतानाच ॲपवर लिहा: 'मी कंडोमशिवाय करत नाही. माझ्याकडे आहेत. चालत असेल तर भेटू.' काही जण ब्लॉक करतील, ते दाराबाहेर राहिले हे चांगलंच. कपडे काढण्याआधी कंडोम आणि ल्यूब उशाशी ठेवा, पाकीट थोडं फाडून.

ताठरपणा जात असेल तर आधी माप बघा. बऱ्याच पाकिटांवर रुंदी मिलिमीटरमध्ये असते, आपल्याकडे साधारण ४९ ते ५३. मुळाशी आवळत असेल तर ५५ च्या पुढचा मागवा, घसरत असेल तर लहान घ्या. टोकाच्या आत ल्यूबचा एकच थेंब टाका, जास्त टाकलं तर निसटतो. हस्तमैथुन करताना आठवड्यातून दोनदा कंडोम घालून करा, महिन्याभरात हाताला आणि शरीराला सवय होते. कमी प्यायलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. संबंध एमडी (मेफेड्रोन) किंवा तसल्या नशेच्या पावडरीवरच होत असतील तर समुपदेशकाची गाठ घ्या, कारण तिथे कंडोमचा प्रश्न दुय्यम ठरतो. आणि पॉपर्स नावाचं नशेचं रसायन हुंगत असाल तर सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राच्या जातीची गोळी त्यासोबत कधीही घेऊ नका. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर कंडोमवरच अडून बसू नका. प्रेपची, म्हणजे एचआयव्ही टाळण्यासाठी संबंधाआधीपासून घ्यायची गोळी सुरू करा. ती सकाळी चहाबरोबर घ्यायची असते, त्या वेळी डोकं ठिकाणावर असतं. पुढचं उत्तर वाचा.

प्रेप रोज घ्यावी लागते की गरजेपुरती घेता येते? महिन्यातून एक-दोनदाच भेट होते. फ्लॅटमध्ये चौघं राहतो, बाटली दिसली तर प्रश्न येतील. — वाकड, वय २९

दोन्ही पद्धती आहेत. आधी पेप आणि प्रेप यांची गल्लत नको: पेप संबंधानंतर, प्रेप संबंधाआधीपासून. प्रेपच्या गोळीत टेनोफोविर ३०० आणि एम्ट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम असतं. भारतातल्या कंपन्या ती बनवतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

गरजेपुरत्या पद्धतीला दोन-एक-एक म्हणतात. समजा शनिवारी रात्री नऊला भेटायचंय. शुक्रवारी रात्री नऊ ते शनिवारी संध्याकाळी सात या दरम्यान केव्हाही दोन गोळ्या एकदम घ्यायच्या, भेटीपासून जितक्या लांब तितकं बरं. समजा शनिवारी दुपारी दोनला घेतल्या, तर तिसरी रविवारी दुपारी दोनला आणि चौथी सोमवारी दुपारी दोनला. रविवारी पुन्हा संबंध आले तर रोज एक चालू ठेवायची आणि शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस घेऊन थांबायचं. फ्रान्स आणि कॅनडातल्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने एचआयव्हीचा संसर्ग ८६ टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिला मान्यता दिली. चूक होते ती शेवटच्या दोन गोळ्यांत. काम झालं म्हणून माणूस विसरतो, आणि संरक्षण पूर्ण होतं ते त्या दोन गोळ्यांनीच. फोनमध्ये गजर लावून ठेवा.

भेट अचानक ठरत असेल, दोन तास आधीही कळत नसेल, तर ही पद्धत तुमची नव्हे. रोजची घ्या. आठवड्यातून दोनहून जास्त वेळा संबंध येत असतील तरीही रोजचीच सोपी. आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे, किंवा जे इस्ट्रोजेन घेतात, त्यांनी दोन-एक-एक वापरू नये.

सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन. एचआयव्हीची तपासणी टाळून कुणाकडून चार गोळ्या उसन्या घेणं धोक्याचं आहे. लागण आधीच झालेली असेल तर ही दोनच औषधं तिला पुरी पडत नाहीत, उलट विषाणू त्यांना दाद देईनासा होतो आणि पुढच्या उपचाराची एक वाट बंद होते. गेल्या महिन्यात धोक्याचा संबंध येऊन ताप, अंगावर पुरळ, घसादुखी आणि मानेला गाठी असं एकत्र झालं असेल, तर ते सांगितल्याशिवाय सुरू करू नका. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नेहमी घेत असाल तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो, तेही सांगा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडी मळमळ होते, जेवल्यावर घेतली की कमी होते.

बाटलीचं म्हणाल, तर आतली ओल शोषणारी पुडी महत्त्वाची असते. म्हणून मूळ बाटली कपाटात कुलपात ठेवा आणि आठवड्यापुरत्या गोळ्या छोट्या कोरड्या डबीत काढा. आणि एक: प्रेप एचआयव्ही सोडून दुसरा कुठलाही गुप्तरोग अडवत नाही.

माझा पार्टनर तीन वर्षं एआरटीवर आहे. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (विषाणू सापडला नाही) येतं. मी निगेटिव्ह. आम्ही कंडोम सोडला तर मला किती धोका? — पिंपरी, वय ३६

त्याच्याकडून एचआयव्हीचा धोका शून्य. हा शब्द आम्ही विचार करून वापरतोय.

युरोपात एक निगेटिव्ह आणि एक उपचारावर असलेला पॉझिटिव्ह अशा ७८२ गे जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. निगेटिव्ह जोडीदारांपैकी पंधरा जणांना लागण झाली, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर त्यातली एकही घरातल्या जोडीदाराकडून आलेली नव्हती. पंधराही बाहेरून आल्या. रक्तातला विषाणू मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली असला की तो संबंधातून पसरत नाही.

अट इतकीच की गोळ्या नियमित हव्यात आणि व्हायरल लोड किमान सहा महिने दबलेला हवा. तीन वर्षांत तुमची ही अट पूर्ण झालेली दिसते. सरकारी केंद्रात लोड वर्षातून एकदा होतो, ती तारीख चुकवू नका. गावी गेल्यावर काही दिवस गोळ्या राहिल्या तर त्याने सांगावं आणि पुढचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरावा. तुमचे संबंध फक्त त्याच्याशी असतील तर तुम्हाला प्रेप लागत नाही. गनोरिया, सिफिलिससाठीची तपासणी मात्र दोघांनाही लागते.

रोज रात्री 'गोळी घेतलीस का?' विचारू नका. तीन वर्षं जो माणूस न चुकता घेतोय त्याच्यावर पहारा बसवल्यासारखं होतं.

ल्यूब महाग पडतं. खोबरेल तेल चालेल का? — सदाशिव पेठ, वय २२

लॅटेक्सच्या कंडोमबरोबर नाही. तेलाने लॅटेक्सची ताकद काही मिनिटांतच जाते आणि मग तो फाटतो. व्हॅसलिन, बॉडी लोशन, तूप, सगळ्यांचं तेच. 'आम्ही कंडोम वापरतच नाही' म्हणत असाल तर तेल लॅटेक्सचं बिघडवणार नाही हे खरं, पण ते आत तासन्‌तास राहतं आणि त्या दिवशी नंतर कुणी कंडोम वापरला तर तो फाटेल. थुंकी तर नकोच: ती लगेच सुकते, आणि घशातला गनोरिया तिच्यातून जाऊ शकतो. पाण्याचं साधं ल्यूब घ्या, हात आखडू नका, एक-दोन चमचे सुरुवातीला आणि सुकलं की पुन्हा. सिलिकॉनचं सुकत नाही, कंडोमलाही चालतं. बधिर करणारी क्रीम वापरू नका, दुखतंय हे कळलंच नाही तर चीर पडलेलीही कळत नाही. स्वच्छतेसाठी एनिमा घेत असाल तर कोमट साधं पाणी, पेलाभर, आणि तासभर तरी आधी.

माझे लघवीचे रिपोर्ट नॉर्मल, काही त्रास नाही. तरी पार्टनरला गनोरिया निघाला आणि तो माझ्यावर संशय घेतोय. — कोथरूड, वय २६

लघवीत फक्त मूत्रमार्गातलं दिसतं. घशातला आणि गुदाशयातला गनोरिया, क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, लघवीच्या तपासणीतही येत नाही. त्या त्या ठिकाणचा स्वॅब घेऊन न्यूक्लिक ॲसिडची तपासणी करावी लागते. गुदाशयाचा स्वॅब दोन-तीन सेंटिमीटर आत घालून हलकेच फिरवायचा असतो, स्वतःलाही घेता येतो. लॅबमध्ये आधी फोन करून 'रेक्टल आणि थ्रोट स्वॅब घेता का' असं थेट विचारा. तो संसर्ग कुणाकडून कुणाकडे आला हे या रिपोर्टवरून सांगता येत नाही, तेव्हा भांडण थांबवा आणि दोघांनी एकाच वेळी उपचार घ्या. संपल्यावर सात दिवस संबंध नकोत.

कंडोम नको असणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच घेतलं, तर सिफिलिस आणि क्लॅमिडिया बऱ्याच प्रमाणात टळतात, गनोरियाचा भरवसा कमी. चोवीस तासांत एकदाच, पोटभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. दुसरं म्हणजे लसी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. गुदद्वाराच्या चामखिळी आणि कर्करोग यांना कारण असणाऱ्या एचपीव्हीविरुद्धची लस आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, आणि ती २६ वर्षांपर्यंतच्या पुरुषांनाही देता येते. तुम्ही आज २६ चे आहात. पुढे ढकलू नका.

माझं लग्न झालंय, एक मुलगी आहे. महिन्यातून एखादा पुरुष भेटतो, कधी कंडोम असतो, कधी नसतो. बायकोला काही माहीत नाही. तिला सांगायलाच हवं का? — सिंहगड रोड, वय ३८

कधी सांगायचं, कसं सांगायचं, हे तुम्ही समुपदेशकाबरोबर बसून ठरवा. एक गोष्ट मात्र आजपासून करा. बाहेर काय घडतंय हे तिला माहीत नाही, त्यामुळे स्वतःला जपण्याचा निर्णय ती घेऊच शकत नाही. तोवर ती जबाबदारी पूर्ण तुमची. रोजची प्रेप घ्या, बाहेर प्रत्येक वेळी कंडोम, दर तीन महिन्यांनी तपासण्या. कंडोमशिवाय संबंध झाला असेल तर तपासणी होईपर्यंत घरी कंडोम, कारण काहीही सांगा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर त्याआधी तुमचा सिफिलिस आणि एचआयव्हीचा रिपोर्ट हातात हवाच. गर्भारपणात सिफिलिस बाळापर्यंत पोचतो आणि मूल दगावू शकतं.

तपासणीला जायचं तर ओळखीचं कुणी भेटेल ही भीती. — कात्रज, वय २१

सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि आपल्या भागातल्याच केंद्रात जायचं बंधन नाही. कात्रजच्या माणसाने पिंपरीत जावं, पिंपरीच्याने ससूनला. आधी समुपदेशक बोलतो, मग रक्ताचा नमुना घेतात. पहिली तपासणी पॉझिटिव्ह दिसली तर वेगळ्या किटवर आणखी दोन करतात, त्याशिवाय निकाल सांगत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे, त्यातले काही अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. समुपदेशकाला 'पुरुषांशी संबंध आहेत' हे स्पष्ट सांगा. २०१८ पासून तो गुन्हा नाही, आणि ते सांगितलं नाही तर सिफिलिसची तपासणी आणि स्वॅब यांचा विषयच निघत नाही. एकटं जायचं धैर्य होत नसेल तर पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून समलिंगी पुरुषांसाठी काम करतो, आधी तिथे बोलून घ्या. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते, आणि निघण्यापूर्वी पुढच्या तपासणीची तारीख समुपदेशकाकडून लिहून घ्या.